पिवळ्या तोंडाची बाई

रामकुंडावर नवऱ्याचं दहावं झालं, त्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाई खाली आल्या आणि आरशापुढची माझी पावडरची डबी उचलून वर घेऊन गेल्या. कुंकवाचा करंडा नेला, हिरव्या बांगड्या नेल्या, ते पटलं नव्हतं तरी निदान ऐकून तरी होते. पण पावडर? पावडरीचा आणि सौभाग्याचा संबंध काय? विधवेला घामोळं येत नाही का? तेव्हा तोंड उघडायचं त्राणच नव्हतं अंगात. आज नेली असती तर ती डबी परत आणून त्यांच्याच डोक्यावर उपडी केली असती.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. सिडकोत आमचं घर. खाली आम्ही, वर थोरले दीर आणि जाऊबाई. नवरा अंबडच्या एका कंपनीत फिटर होता. एका दुपारी ड्यूटीवरच छातीत कळ आली आणि कंपनीतून घरी माणूस येईपर्यंत सगळं संपलं होतं. लेक पाचवीत होती. तिच्या बाळंतपणात माझ्या गालांवर वांगाचे डाग आले होते, ते कधी गेलेच नाहीत. नवरा म्हणायचा, "असू दे गं, लेकीने दिलेत." तो होता तोवर मला ते डाग दिसायचेही नाहीत. तो गेल्यावर मात्र लोकांना दिसायला लागले. "कशी काळवंडली बिचारी," असं म्हणायचे आणि त्यांना त्यात बरंच वाटायचं, हे मी शपथेवर सांगते. विधवा काळवंडलेलीच बरी दिसते आपल्याकडे.

मी बारावी सायन्स. शालिमारजवळच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरला लागले. सकाळी सिडकोतून बस, दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी बस. तिथे मी माणसांत आले. कंपन्यांचे एम.आर. यायचे, भर उन्हात टाय लावून, घामाने निथळत. त्या काळात अँटी-ऑक्सिडंट या शब्दाची नुकती लाट आली होती. ज्या त्या कंपनीची एक लालभडक कॅप्सूल. असाच एक जण मला रंगीत कागद दाखवून समजावायला लागला, "मॅडम, सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना? हवेमुळे, ऑक्सिजनमुळे. तसंच आपल्या शरीराचंही होतं. ते थोपवतं ते अँटी-ऑक्सिडंट."

मी म्हटलं, "दादा, सफरचंद कुठलं रोज कापतोय? बटाट्याचं बोला."

तो हसला. म्हणाला, बटाटासुद्धा चालेल. मग मला झटकन कळलं. चिरलेला बटाटा आपण पाण्यात टाकतो, का टाकतो ते कुणी सांगितलेलं नसतं. घरी जाताना बसमध्ये मी तोच विचार करत होते. उन्हाने, धुराने, जाग्रणाने आपलं कातडंही तसंच काळं पडत असणार आणि त्याला पाण्यात टाकणारं कुणी नसतं.

पण विचार केला म्हणून लगेच काही लावलं नाही मी. वर्षं गेली. लेक कॉलेजात गेली, दोन हजार साल येऊन मागे पडलं. गंगापूर रोडला बंगले झाले, दिंडोरीकडे द्राक्षाची वाईन व्हायला लागली, आणि आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक स्किनच्या डॉक्टरीणबाई बसायला लागल्या. तरुण होत्या, बोलायला फटकळ. एकदा काही सँपल द्यायला खाली आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गालांना काय लावता?"

मी म्हटलं, "मी विधवा आहे."

त्या म्हणाल्या, "मी गालांचं विचारलं."

बाई गं! इतक्या वर्षांत कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं माझ्याशी. मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच. गालांचं विचारलं तर मी नवऱ्याचं उत्तर देत होते. त्या दिवशी मी त्यांनी लिहून दिलेली बाटली घेतली.

काही मोठं नव्हतं हो. सकाळी तोंड धुतलं की व्हिटॅमिन सीचे चार थेंब, म्हणजे तेच ते अँटी-ऑक्सिडंट, ते मुरले की वरून उन्हाचं क्रीम. थंडीत गाल फुटायला लागले की व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टाचणीने टोचून खोबरेल तेलात कालवायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "डाग फिके होतील, जाणार नाहीत. गोऱ्या होणार नाही. गोरं व्हायचं असेल तर दुसरीकडे जा." मला गोरं व्हायचंच नव्हतं. मळ्यातली पोर मी, मखमलाबादच्या मळ्यात वांगी-टोमॅटो तोडत वाढलेली, गोरी कशाला होऊ? मला फक्त सकाळी आरशापुढे उभं राहून माझ्या तोंडाला माझा हात लावायचा होता. त्यात जे सुख होतं ते सांगून कळायचं नाही. भांडी घासली, केर काढला, पोरीचा डबा भरला, आणि मग थोडा वेळ माझा. ती बाटली उन्हात ठेवली की आतलं पाणी तपकिरी होतं, म्हणून मी ती फ्रीजमध्ये लिंबाच्या लोणच्याच्या मागे ठेवायचे.

जाऊबाई एकदा विरजण न्यायला खाली आल्या आणि त्यांच्या हाताला तीच लागली. "हे गं काय? औषध?"

"तोंडाला लावायचं."

"कुणासाठी?"

"तोंडासाठी," मी म्हटलं.

त्यांनी बाटली अशी ठेवली की जणू उष्टी होती. त्या दिवसापासून कॉलनीत मी 'नटवी' झाले. होऊ दे. ज्यांना नटायचं ते भांगात कुंकू भरून भर बाजारातून जातात, त्यांना कुणी नटवी म्हणत नाही. मी माझ्या घरात, दार लावून, चार थेंब पाणी लावत होते तर नटवी!

आणि मग माझ्या हातून ते हळदीचं झालं.

लेकीला स्थळ आलं होतं. मुलगा मनमाडचा, रेल्वेत. बघायला आले तेव्हा पोरीने चहाचा ट्रे बाहेर ठेवला, आत आली आणि फ्रीजला टेकून एकटीच हसली. एवढ्यावरून मला कळलं, हिला हा पसंत आहे. आईला आणखी काय लागतं? ते लोकही खूश होऊन गेले. सुपारी फोडायचा दिवस तेवढा ठरायचा होता.

त्यातच माझी बाटली संपली, आणि दुकानात माल मुंबईहून येईना. रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं की आपली हळदच मोठी अँटी-ऑक्सिडंट आहे, बाहेरचे लोक आता तिच्यामागे लागलेत, आपण मात्र विसरलो. मला पटलं. वहिनीने माहेरच्या मळ्यातली हळद पाठवलीच होती, घरी शिजवून, वाळवून, दळून आणलेली. पुरवणीत चिमूटभर लिहिलं होतं. मी म्हटलं, चिमटीने काय होतंय? भाजीला चिमूट पुरते, कातड्याला जरा जास्त लागेल. चमचा भरून घेतली, बेसनात आणि दह्यात कालवली आणि थापली. दुपारभर तोंडावर वाळू दिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

धुतलं तर तोंड पिवळंधम्मक. मळ्यातली हळद ती, पुडीतली नव्हे. साबण लावला, दूध लावलं, खोबरेल लावलं, बेसनाने घासलं. घासलं तसं ते जास्तच उजळून निघालं. कपाळ, गाल, कानशिलं, गळ्यापर्यंत सगळं पिवळं. सोमवारी कामाला जायचं होतं. पदर डोक्यावरून पुढे ओढला तर अगदी मांडवात बसायला निघाल्यासारखी दिसायला लागले. शेवटी पदर मागे टाकला, मान वर केली आणि भर कॉलनीतून बसस्टॉपवर गेले. चोरी केली होती काय मी?

दुकानात सगळ्यांना कावीळ वाटली. मालकांनी रक्त तपासून यायला सांगितलं. कॉलनीत मात्र सगळ्यांना लग्न वाटलं.

आपल्याकडे बाईचं तोंड हळदीने पिवळं एकदाच होतं ना! विधवेचं तोंड पिवळं, म्हणजे तिने गुपचूप उरकलं. बुधवारपर्यंत माझं त्र्यंबकेश्वरला लग्न झालेलं होतं, आणि तेही दुकानातल्याच कुणाशी. मला कळायच्या आत ते मनमाडला पोचलं. पोचणारच. रोज इतकी माणसं गाडीने जातात-येतात आणि बातमीला तिकीट लागत नाही.

जाऊबाई खाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "झालं मनासारखं? पोरीच्या लग्नाच्या वेळी आईला म्हातारचळ! अगं, निदान तोंड लपवून बसायचंस घरात!"

"हळद होती ताई. चेहऱ्याला लावली. रंग उतरला नाही."

"विधवेने हळद लावायची? आणि वर सांगते!"

"भाजीत घालून खाते तेव्हा चालते," मी म्हटलं. "पोटात गेलेली चालते आणि गालावर आलेली नाही?"

त्यांच्याशी मी भांडू शकत होते. पण रात्री जेवताना लेक ताटात बघत म्हणाली, "आई, लग्न होईपर्यंत तरी बंद कर ना हे सगळं. बाटल्या, क्रीम, सगळंच. मला त्या घरात राहायचंय."

ते मात्र लागलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. तिचं चुकत नव्हतं हो. तिला तो मुलगा हवा होता, आणि माझ्या पिवळ्या तोंडापायी तो हातचा जाणार होता. माझ्यामुळे मोडलं असतं तर आयुष्यभर तिने मला माफ केलं नसतं, आणि मीही तिला दोष दिला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि उन्हाच्या क्रीमची ट्यूब हातात घेऊन नुसती उभी राहिले. मनात म्हटलं, ठेवून दे बाई, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. आणि तेवढ्यात वाटलं, आज हे ठेवलं म्हणजे लोक म्हणाले ते खरं होतं असं होईल. मी काहीतरी वंगाळ करत होते आणि पकडली गेल्यावर थांबवलं, असं होईल. आणि माझी लेक त्या घरात काय शिकून जाईल? की लोक बोलले की आपण आपलं तोंड पुसायचं. मी क्रीम लावलं. दोन्ही गालांना.

पुढच्या रविवारी विहीणबाई आल्या. एकट्याच, मनमाडहून, न कळवता. अजून विहीण व्हायच्या होत्या, पण मी तेच म्हणते. धिप्पाड बाई, नाकात मोरणी. जाऊबाई लगोलग वरून उतरल्या. लेक स्वयंपाकघरात दाराआड. पोहे समोर ठेवले, त्यांना हात लावला नाही.

"आमच्याकडं लय बोलणं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, आपणच जाऊन विचारावं. खरं काय हाय ते सांगा."

जाऊबाई मध्येच म्हणाल्या, "काही नाही हो, चूक झाली तिची, आता ती असलं काही..."

"ताई, मी बोलते," मी म्हटलं. उठले, फ्रीज उघडला. नवी बाटली आदल्याच दिवशी आली होती. ती आणली, क्रीमची ट्यूब आणली, कॅप्सूलची पट्टी आणली, हळदीचा डबासुद्धा आणला आणि सगळं पोह्यांच्या बशीशेजारी मांडलं. "हे सकाळी लावते. हे त्याच्यावर, बाहेर पडताना. हे थंडीत. आणि हळद त्या दिवशी जास्त झाली. नवरा-बिवरा कुणी नाही. एवढंच आहे."

त्यांनी बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला. "ह्यानं गोरं व्हतं?"

"नाही."

"मग डाग जातात?"

"फिके होतात. जात नाहीत."

"मग करता कशापायी?"

"तोंड माझं आहे म्हणून," मी म्हटलं. आवाज चढला होता, मला कळत होतं. "नवरा गेला, तोंड इथेच आहे. रोज तेच घेऊन मला बाहेर जावं लागतं. तुमच्या मुलाला माझी मुलगी द्यायची आहे, माझं तोंड नाही. हे मी बंद करणार नाही. आज तुमच्यासाठी बंद करून उद्या चोरून लावायचं, ते मला जमणार नाही. या घरातली मुलगी हवी असेल तर हे असं आहे."

 विहीणबाई उठल्या, पदर सावरला. "कळवतो," म्हणाल्या आणि गेल्या.

आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. जाऊबाई म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि जिना चढून गेल्या. लेक बोललीच नाही माझ्याशी. कित्येक दिवस बोलली नाही. डबा घ्यायची, चप्पल घालायची, जायची. मी रोज सकाळी तोंडाला लावायचे आणि रोज वर जाऊबाईंकडे फोन वाजतो का म्हणून कान द्यायचे. हट्ट म्हणजे काही मजा नसते. माणूस हट्ट करतो तेव्हा आतून घाबरलेलाच असतो.

मग एका संध्याकाळी वर मनमाडहून फोन आला. विहीणबाई मला म्हणाल्या, "पोरगं हट्टाला पेटलंय, हीच करायची म्हणतंय. मला पटलेलं नाय, हे सांगून ठेवते. पण करू लग्न." मी म्हटलं, "चालेल." आणि खरंच चालणार होतं. सगळ्यांना सगळं पटायलाच हवं असं कुठे आहे?

लग्न ठरलं आणि जाऊबाईंनी सगळी सूत्रं हातात घेतली. देवकाला त्या आणि थोरले दीर बसणार, कन्यादान तेच करणार. मी म्हटलं, "करा. मला माझी मुलगी कुणाला दान द्यायचीच नाहीये, तुम्हाला हौस असेल तर तुम्ही द्या." दीर हसले, जाऊबाई नाही हसल्या. पुढे मी म्हटलं, "हळद मात्र मी लावणार."

"वेड लागलंय का? मनमाडची माणसं उष्टी हळद घेऊन येणार! त्यांच्यासमोर?"

"त्यांच्यासमोरच."

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. हळद आधी नवऱ्या मुलाला लागते, त्यातली उरलेली वाटीत घालून त्यांच्याकडच्या बायका मुलीकडे आणतात. ती उष्टी हळद. मग पाच सवाष्णी ती मुलीला लावतात. आई विधवा असेल तर ती आत, ताटं वाढत, नाहीतर भिंतीशी उभी. माझ्या आत्याला मी असंच भिंतीशी उभं राहिलेलं बघितलं होतं. पोटची पोर समोर, आणि पदर तोंडात धरून लांबून बघायचं. मी नव्हते उभी राहणार. कातड्याला काय चांगलं, काय वाईट, ते मी इतकी वर्षं बघत होते आणि माझ्याच पोरीच्या गालाला माझा हात अपशकुनी?

आदल्या दिवशी शेजारच्या मुली लेकीला मेंदी काढत होत्या. मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं, "उद्या पहिली हळद मी लावणार आहे. तुला नको असेल तर आत्ता सांग. उद्या सगळ्यांसमोर नको म्हणालीस तर मला सहन होणार नाही."

तिने मेंदीवरची नजर वर केली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी उठून आत गेले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दारापुढे मांडव, पाटावर लेक, अंगावर जुनी पांढरी साडी. मनमाडच्या बायका हळदीची वाटी घेऊन आल्या, त्यांना पाणी दिलं, गूळ दिला. पाच सवाष्णी पदर खोचून तयार. मी आतून आले आणि सरळ पाटाकडे गेले.  जाऊबाईंनी माझा दंड धरला. "पोरीच्या संसाराला नाट लावू नकोस," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण सगळ्यांनी ऐकलं. मनमाडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी दंड सोडवून घेतला आणि वाटीत बोटं बुडवली. घाईत हळदीचे थेंब माझ्या लुगड्यावर पडले. पोरीसमोर वाकले. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय आहे ते मला कळेना. माझा हात तिच्या गालाजवळ जाऊन तिथेच थांबला. तिने नको म्हटलं असतं तर मी तो मागे घेतला असता, देवाशपथ घेतला असता.

"आई," ती म्हणाली.

कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, तिलाही नकोय."

"आई, डोळ्यांत जाऊ देऊ नकोस हं," लेक म्हणाली, आणि डोळे मिटून तिने तोंड वर केलं.